अलीकडे संपवलेले सहा गेम आणि त्यांनी दाखवलेली वाट

प्रश्न असा आहे: "गेल्या काही महिन्यांत तुम्ही कुठले ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम पूर्ण केलेत आणि ते कसे वाटले? मला नोकरी सांभाळून रात्री जेमतेम तासभर मिळतो, बहुतेक गेम अर्ध्यातच सुटतात. सुरुवात कुठून करू?"

मी पुण्यात चौदा वर्षं लेव्हल डिझायनर म्हणून काम करतोय. खेळाडू जिथून चालतो, चढतो, लढतो, जिथे अडकतो, ती जागा आखणं हे माझं काम. त्यामुळे गेम संपला की मला कथेच्या आधी जागा आठवतात. कुठे वळण होतं, कुठे उजेड होता, कुठे मी दहा मिनिटं भिंतीला हात लावत फिरलो. या काळात चार गेम पहिल्यांदा शेवटपर्यंत नेले आणि दोन जुने पुन्हा खेळलो. सगळ्यांबद्दल सारखंच बोलणार नाही, कारण सगळ्यांनी सारखं दिलेलं नाही.

आधी अर्ध्यात सोडण्याबद्दल. इतकी वर्षं लोकांना खेळताना बघून माझं मत असं झालंय की गेम अवघड आहे म्हणून माणूस तो क्वचितच सोडतो. चार दिवसांनी परत आल्यावर आपण कुठे होतो, कशाला निघालो होतो हेच आठवत नाही, म्हणून सुटतो. किंवा गेम पावलोपावली सांगत राहतो, आता इथे चढ, आता हे ओढ, आणि दोन तासांनी वाटतं की यात मी काय केलं? दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: गेम वाट कशी दाखवतो. या सहाही गेमकडे मी त्याच नजरेने पाहिलं.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे पटकन कळेल. गडाच्या वाटेवर खडकांवर रंगाने बाण काढलेले असतात. धुक्यात त्यांचा फार आधार वाटतो. पण जिथे दर वीस पावलांवर बाण आहे तिथे आपण डोंगर बघतच नाही, पुढचा बाण शोधत चालतो. गावातला वाटाड्या बरोबर असेल तर वेगळंच होतं. तो पुढे निघून जातो, वळणावर थांबतो, आपण चुकीच्या घळीकडे वळलो तरच हाक मारतो. संध्याकाळी खाली उतरल्यावर ती वाट आपल्याला स्वतःला पाठ झालेली असते.

गेममधले बाण म्हणजे तो पिवळा रंग. कडेला, शिडीला, फोडायच्या पिंपाला पिवळा पट्टा मारलेला असतो. २०२३च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या नव्या आवृत्तीवरून आणि पुढच्या वर्षी 'फायनल फँटसी ७ रिबर्थ'च्या डेमोवरून यावर बरंच भांडण झालं. खेळाडूंना तो अपमान वाटतो. त्यांचा राग मला समजतो, पण रंग मारणाऱ्याची बाजूही सांगतो. १९८९च्या मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त पडद्यावर मोजक्या वस्तू असायच्या. कठडा दिसला म्हणजे तो धरता येणारच. आजच्या गेममध्ये एका खडकावर हजार बारकावे असतात: भेगा, शेवाळ, मुळं, सावल्या. त्यातली नेमकी कुठली भेग हाताला लागते आणि कुठली नुसती दिसायला आहे, हे डोळ्याला कळत नाही. चित्र जितकं खरं होत गेलं तितकी वाट हरवत गेली, आणि मग कोणीतरी डबा घेऊन रंग मारला.

यावर दुसरा इलाज असतो, फक्त त्याला वेळ लागतो. एका प्रकल्पात मी एक गुहा आखली होती. बाहेर पडायचा कठडा डाव्या हाताला वर होता. प्लेटेस्टला, म्हणजे गेम बाहेर येण्याआधी तो खेळून बघायला, आलेल्या लोकांपैकी बहुतेकांना तो दिसेना. मी तिथे कंदील टांगला. तरी दिसेना. सगळे सरळ समोरच्या पाण्याकडे जायचे, कारण पाणी हलत होतं, चमकत होतं. दोन आठवडे मी कंदिलाचा उजेड कमी-जास्त करत बसलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शेजारी बसून विचारलं, "माणूस आत येताना त्याचं तोंड कुठे असतं?" मी आत येण्याची फट काही मीटर सरकवली आणि तिला थोडा कोन दिला. आता फटीतून बाहेर पडणाऱ्याच्या नजरेसमोर पहिल्याच क्षणी तो कठडा यायचा, पाणी नंतर. त्यानंतर कंदील काढून टाकला तरी कोणी अडकलं नाही. तेव्हापासून दुसऱ्याचा गेम खेळताना मी प्रत्येक दारात दोन सेकंद थांबतो आणि बघतो, मला कुठे तोंड करून उभं केलंय.

आता गेमकडे.

'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' २०२२चा, पण मी तो पीसीवर २०२४मध्ये आल्यानंतर घेतला आणि आत्ता संपवला. कुऱ्हाड फेकून परत हातात बोलावताना पंजात जो धक्का जाणवतो, त्याची बरोबरी अजून कोणी केलेली नाही असं माझं मत आहे. फेकणं सोपं आहे. परत येणारी कुऱ्हाड वाटेत शत्रूला लागते, म्हणून तुम्ही नेम धरून उभे राहता तशी जागाही हेरून उभे राहता. पण कोडी सोडवताना या गेमने मला दुखावलं. त्यातल्या स्वार्टाल्फहाइम नावाच्या प्रदेशात उकळत्या पाण्याचे झोत आहेत. कुऱ्हाड मारली की झोत गोठतो, पाणी दुसरीकडून वळतं, चाक फिरतं. कोडं सुंदर आहे. मी खोलीत शिरतो, चाक कुठे आहे ते बघतोय, झोत मोजतोय, आणि नायक क्रेटोसच्या बरोबर असलेला त्याचा मुलगा सांगून टाकतो की त्या झोताला कुऱ्हाड मारून बघूया. मला अजून प्रश्नही नीट कळलेला नव्हता, तोवर उत्तर आलं.

हे का होतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं. प्लेटेस्टमध्ये एखादा खेळाडू एका खोलीत बराच वेळ अडकतो. त्याचं रेकॉर्डिंग बैठकीत दाखवतात. पडद्यावर कोणीतरी गोल गोल फिरतंय हे बघणं सगळ्यांनाच जड जातं. मग ठरतं की इतके सेकंद गेले की सोबत्याने एक वाक्य बोलायचं. पुढच्या टेस्टनंतर ते सेकंद आणखी कमी होतात. मात्र नुसतं फिरणं आणि विचार करत फिरणं यातला फरक त्या घड्याळाला कळत नाही. मी स्वतः अशी घड्याळं लावली आहेत, आणि आता प्रत्येक वेळी ती दुप्पट लांब ठेवायचा आग्रह धरतो.

तरीही या गेममधला एक प्रसंग मी विसरणार नाही, आणि तो मुख्य कथेत नाहीच. त्याच प्रदेशातल्या एका खाडीत लिंगबाक नावाचा देवमाशासारखा प्रचंड जीव साखळ्यांनी जखडलेला आहे. क्रेटोसच्या कमरेला लटकणारं मिमिरचं मुंडकं कबूल करतं की देवांचा राजा ओडिन याला खूश करण्यासाठी हे आपणच केलं होतं. त्या जीवाच्या चरबीचं तेल दिव्यांसाठी वापरलं जायचं. आपण त्याच्या अंगावर चढून साखळ्या तोडतो. आणि तो जीव हलत नाही. इतकी वर्षं जखडून राहिलेल्याला निघून जाणंच आता सुचत नाही. मिमिरला वाटलं होतं की साखळी तुटली की आपल्या मनावरचा भारही उतरेल. तसं होत नाही. होडी वल्हवत परत येताना मी बराच वेळ कुठेच गेलो नाही, खाडीतच थांबलो. या जागेकडे कुठलाही बाण ओढून नेत नाही. इतका मोठा आकार पाण्यात दिसतो, म्हणून आपण होडी वळवतो. हाच गेम कोड्याच्या खोलीत इतका अधीर आणि या खाडीत इतका शांत कसा, हे मला कळत नाही, पण या खाडीसाठी मी त्याचं बाकीचं सगळं माफ केलं.

'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' डिसेंबर २०२४मध्ये आला. १९३७ साल, व्हॅटिकन, गिझा, थायलंडमधलं सुखोथाई. इशारा कसा द्यावा हे शिकायचं असेल तर यातला कॅमेरा बघा. व्हॅटिकनच्या टपाल कचेरीत तो विकत घ्यावा लागतो. कोड्यासमोर अडकलात तर कॅमेरा काढून त्या कोड्याचा फोटो घ्यायचा. मग इशारा मिळतो. पुरला नाही तर आणखी एक फोटो. इशारा हवा की नको हे मी ठरवतो, आणि मागायची कृतीसुद्धा नायक इंडियाना जोन्सच्या स्वभावात बसते. पुरातत्त्वाचा प्राध्यापक फोटो काढणारच की. नकाशाही हातातल्या वहीत आहे. बघायचा तर वही उघडायची, मान खाली घालायची, आणि तेवढ्यात पहारेकरी आला तर आला. लढाईची आणि शोधाची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. तुमच्यासारख्या तासभर खेळणाऱ्याने लढाई सोपी आणि शोध तसाच ठेवावा असं मी सुचवेन.

मारामारी हाताला येईल त्या वस्तूने होते, झाडू, तवा, बाटली, आणि वस्तू दोन-चार फटक्यांत मोडते. मला ती आवडली. पण व्हॅटिकन इतकं घट्ट विणलेलं आहे की पुढे गिझाची मोकळी वाळू विरळ वाटते. व्हॅटिकनमध्ये एक जिना तीन वेगवेगळ्या कामांसाठी तीन वेळा चढलो आणि तिन्ही वेळा तो वेगळा वाटला. वाळवंटात अंतरंच पार करत होतो.

आता ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय तो गेम: 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'. जानेवारी २०२४, युबिसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओने केलेला. माझ्या पिढीच्या खूप जणांनी मूळ 'प्रिन्स' संगणकाच्या क्लासमध्ये, सर बाहेर गेल्यावर खेळलाय. साठ मिनिटांची ती मुदत अजून आठवते. या नव्या गेममध्ये नायक राजपुत्र नाहीच. सारगॉन हा तरुण योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला, घस्सानला, सोडवायला काफ पर्वतावर येतो. तिथे काळ फाटलेला आहे. भाषा बदलून फारसी ठेवता येते आणि मी तशीच ठेवली. 'वक्त', 'जान', 'पादशाह' असे शब्द कानावर पडले की आपलेच वाटतात, मराठीत तिकडून आलेले कितीतरी शब्द आपण रोज बोलतो.

हा बाजूने दिसणारा, सपाट मांडणीचा गेम आहे. मोठा नकाशा, सुरुवातीला बंद असलेल्या वाटा, आणि नवी शक्ती मिळाली की जुनी वाट उघडणं. या प्रकारच्या गेमचा जुना रोग म्हणजे विसरणं. पाच तासांपूर्वी एक उंच कठडा बघितला होता, तेव्हा उडी पोचली नव्हती. आता दुहेरी उडी मिळाली, पण तो कठडा होता कुठे? लोक कागदावर लिहून ठेवायचे किंवा सरळ सोडून द्यायचे. या गेमने एक साधी गोष्ट केली. एक बटण दाबा, समोरच्या दृश्याचा फोटो निघतो आणि नकाशावर त्याच जागी टाचला जातो. आठवड्याने नकाशा उघडा, टाचणीवर जा, फोटो दिसतो: हां, ती निळी भिंत. फोटो मोजकेच असतात, नंतर फिरता फिरता त्यांची संख्या वाढते. मोजके असल्यामुळे विचार करून लावता, आणि काम झालं की काढून घेता.

मी यावर इतका वेळ का घालवतोय? कारण ही माझ्या धंद्यातली फार मोठी गोष्ट आहे. इतरांनी वाट दाखवण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. या लोकांनी खेळाडूच्या हातात टाचण्या दिल्या आणि सांगितलं, तुझ्या खुणा तूच कर. खडकावरचे बाण मी काढलेले असतील तर ते मला टोचत नाहीत. चार दिवसांनी परत येणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. शिवाय सुरुवातीला गेम विचारतो की वाट दाखवत जाऊ की तुम्ही शोधाल. दुसरा पर्याय घ्या. आणि एखादी काट्यांमधून उड्या मारायची जागा फारच छळत असेल, तर सेटिंगमध्ये ती ओलांडून नेणारी दारं चालू करता येतात. ती मदत घेण्यात कमीपणा नाही, ती तुमच्यासाठीच ठेवली आहे.

लढाईचं एकच उदाहरण देतो. सीमुर्ग या पुराणकथेतल्या पक्ष्याची एक शक्ती मिळते: बटण दाबलं की तुमची सावली जागेवर उभी राहते, पुन्हा दाबलं की तुम्ही सावलीच्या जागी परत. पहिले दोन तास मी ती फक्त कोड्यांसाठी वापरली. मग एका बॉसशी, म्हणजे टप्प्यातल्या मोठ्या शत्रूशी, सात-आठ वेळा हरलो. तो झेप घेऊन अर्धी खोली व्यापायचा. नवव्या वेळी मी सावली मुद्दाम मागच्या कोपऱ्यात सोडली, पुढे जाऊन त्याला चिथावलं, तो हवेत गेला, मी बटण दाबलं, आणि तो रिकाम्या जमिनीवर आदळला. मी त्याच्या मागे उभा होतो. कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या खोलीचा आकार, कोपऱ्यातली मोकळी जागा, बॉस झेपेआधी घेत असलेला तो एक श्वास, हे सगळं कोणीतरी या क्षणासाठीच मांडलं होतं. असं काम बघितलं की मला हातातला गेमपॅड खाली ठेवून उभं राहावंसं वाटतं. या गेमचा खप कंपनीच्या अपेक्षेइतका झाला नाही आणि नंतर ती टीम इतर कामांवर विखुरली गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'घोस्ट ऑफ योतेई' ऑक्टोबर २०२५मध्ये आला. आधीच्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'ने २०२०मध्ये नकाशावरची रेघ काढून तिच्या जागी वारा आणला होता: गेमपॅडच्या टचपॅडवर बोट फिरवलं की वारा सुटतो आणि गवत जायच्या दिशेला झुकतं. योतेईत तीच गोष्ट १६०३च्या एझोमध्ये, म्हणजे आजच्या होक्काइदोमध्ये, पुढे नेली आहे. योतेई खरा डोंगर आहे, १८९८ मीटर, एकटा उभा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी. गेममध्ये तो बहुतेक कुठूनही दिसतो, आणि त्यामुळे दिशा कधी हरवत नाही. राजगडला जाताना बालेकिल्ला जसा कधी समोर येतो, कधी डोंगराआड जातो, पण मनात त्याची दिशा पक्की राहते, तसं. पांढऱ्या फुलांच्या पट्ट्यावरून घोडा नेला की तो वेगाने धावतो, त्यामुळे डोळे आपोआप फुलांचा मागोवा घेतात. रस्ता आखायची इतकी हळुवार युक्ती मला सुचली असती तर मी आनंदाने नाचलो असतो.

नायिका आत्सु, सोळा वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांना मारणाऱ्या सहा जणांच्या मागावर आहे. तिच्या जळक्या घरात काही जागी एक बटण दाबलं की क्षणात तीच जागा तिच्या लहानपणीची होते, आई-वडील, भाऊ, उजेड. पुन्हा दाबलं की राख. मध्ये लोडिंग नाही, पडदा काळा होत नाही. मी त्या अंगणात उभा राहून किती वेळा मागे-पुढे केलं असेल ते सांगता येत नाही. वीसेक तासांनंतर मात्र बांबू कापणं, देवळं चढणं, कोल्ह्यामागे जाणं यांची मोजणी सुरू झाल्यासारखी वाटते. तेव्हा ती कामं सोडून सरळ कथेकडे जा. काही गमावणार नाही.

जुन्या दोघांपैकी पहिला 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी', २०१७चा. पश्चिम घाटात घडणारा इतका मोठ्या निर्मितीचा दुसरा गेम मला माहीत नाही. क्लोई फ्रेझर आणि नॅडीन रॉस होयसळ राजांच्या जुन्या मुलखात गणपतीचा दात शोधायला निघतात. चौथ्या भागात जीप हाती येते आणि घाट मोकळा होतो: चिखल, धबधबे, पडके बुरूज. नकाशा कागदाचा आहे. क्लोई तो हातात उलगडते आणि त्यावर स्वतःच पेनाने खुणा करते. तीन ठिकाणी जायचं, कुठल्या क्रमाने ते आपण ठरवायचं. मधोमध एक उंच मनोरा, तिथून सगळं दिसतं. लेव्हल डिझाइन शिकणाऱ्या मुलांना मी हा भाग दोनदा खेळायला सांगतो, दुसऱ्यांदा नकाशा न उघडता.

बेलूर-हळेबीडू पाहिलेल्या माणसाला यातलं शिल्प खटकेल. खरी होयसळ देवळं तशी बुटकी, ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावर बसलेली. त्यांची सगळी श्रीमंती हाताएवढ्या नक्षीत आहे. मऊ संगजिऱ्यात दागिन्यासारखं कोरलेलं काम, ते बघायला अगदी जवळ जावं लागतं. गेममध्ये मात्र मूर्ती इमारतीएवढ्या आहेत. जीपमधून शे-दोनशे मीटरवरून ओळखू यायला हवं म्हणून तसं केलंय, हे मला दिसतं, आणि तरी मनातून हळहळ जात नाही. १११७मध्ये विष्णुवर्धनाने उभारलेल्या चेन्नकेशवाच्या देवळात खांबांच्या माथ्यावरच्या मदनिकांपुढे मी अर्धा दिवस काढला होता. त्या लहान आहेत म्हणूनच तुम्ही थांबता.

पण या गेमला एक गोष्ट नेमकी सापडली आहे. दात परशुरामाच्या परशूने तुटला, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणीच ऐकायला मिळते: तो परशू शंकराने दिलेला, वडिलांच्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणपतीने घाव चुकवला नाही. क्लोईचे वडील याच दाताच्या शोधात आयुष्य घालवून गेले. मुलगी त्यांच्यावर चिडलेली आहे आणि त्यांचंच काम पुरं करायला निघाली आहे. एकदंताची गोष्ट माहीत असणाऱ्याला हा धागा आपोआप लागतो. पुढे ढिगाऱ्यात अडकलेल्या एका हत्तीला दोघी सोडवतात आणि त्याच्या पाठीवरून जातात. तिथे लढाई नाही, कोडं नाही. पाण्याचा आवाज, आणि हात पुढे करून हत्तीला थोपटता येतं.

दुसरा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक', २०२०चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. पैसे उभे करण्याची पहिली जाहीर मोहीम फसली होती, तरी त्यांनी गेम पुरा केला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या यादीत त्याचं नाव आलं. राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांकडून सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू ही गोष्ट एकमेकांना सांगतात. कॅमेरा आपल्या हातात नसतो, गेमच तो हलवतो. म्हणजे प्रत्येक वळण चित्रासारखं रचता येतं, आणि त्यांनी ते रचलंय. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की कथा ऐकू येते. त्या कॅमेऱ्याचीच दुसरी बाजू अशी की काही उड्यांमध्ये अंतराचा अंदाज येत नाही आणि राजी विनाकारण दरीत जाते. शेवट फार अचानक येतो. मी दोन्ही वेळा पुढे आणखी काही असेल म्हणून बसून राहिलो. तरीही आपल्या शहरात, इतक्या लहान गटाने हे उभं केलं, याचा मला अभिमान आहे, आणि चार-पाच तासांत तो पूर्ण होतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रोजचा तासभर आणि अर्ध्यात सोडायची सवय धरून मी 'द लॉस्ट लेगसी' आधी घ्या म्हणेन. आठ-दहा तासांचा आहे, दोन आठवड्यांत संपेल, आणि एक गेम शेवटपर्यंत नेल्याची चव लागेल. जीपच्या भागात घाई करू नका. त्यानंतर 'द लॉस्ट क्राउन'. तो लांब आहे, महिना-दीड महिना जाईल, आणि तेवढ्यात चार-पाच दिवसांचा खाडाही पडेल. म्हणून रोज रात्री बंद करण्याआधी दोन मिनिटं राखून ठेवा. जिथे पोचलात तिथे उभे राहा, ज्या वाटेने उद्या जायचंय तिकडे तोंड करा आणि एक फोटो नकाशावर टाचा. फोटो संपले असतील तर जुन्यांपैकी ज्याचं काम झालंय तो काढा. 'रॅग्नरॉक' आणि 'योतेई' सुट्टीसाठी ठेवा, त्यांना सलग दुपारी लागतात. 'इंडियाना जोन्स' कधीही घ्या, पण व्हॅटिकन सोडायची घाई करू नका आणि कॅमेरा पहिल्याच संध्याकाळी विकत घ्या. 'रॅग्नरॉक'मध्ये स्वार्टाल्फहाइमला पोचलात की कथा थोडी थांबवून होडी खाडीकडे वळवा. तो जीव लांबूनच दिसेल.